एकाच ड्रॉइंगला तीन रेट का आले, आणि पीओवर (खरेदी ऑर्डरवर) काय काय लिहून घ्यायचं

भाऊ, तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की पिंपळगावला तुम्ही द्राक्षबागेच्या फवारणीचे ब्लोअर बनवता, त्याच्या गिअरबॉक्सचा शाफ्ट आणि ॲल्युमिनियमचं बेअरिंग हाऊसिंग बाहेरून करून घ्यायचंय, ३०० सेट, आणि अंबड, सातपूर, सिन्नर अशा नाशिककडच्या तीन औद्योगिक वसाहतींत विचारलं तर शाफ्टला एकाने २१०, दुसऱ्याने ३४० आणि तिसऱ्याने थेट ५९५ रुपये सांगितले. वर बाहेर देशातल्या एका गिऱ्हाइकाने एफओबी रेट (बंदरावर जहाजात चढवून देण्याचा) मागितलाय. यातलं कोण लुटतंय, असं विचारलंय. ड्रॉइंग नीट बघितलं आणि मला तरी कोणी लुटत नाहीये असंच वाटतं. तिघांनी तीन वेगळे जॉब कोट केलेत, कारण ड्रॉइंग वाचून प्रत्येकाने आपापल्या सोयीचा अर्थ काढला.

सगळ्या मापांवर ±०.०१ मिमी टॉलरन्स (मापात चालणारा फरक) आहे. शाफ्टची लांबी १८० ±०.०१, चेम्फर (कडेची तिरपी कापणी) १ ±०.०१, कीवेची (चावीच्या खाचेची) खोली ±०.०१. हे तुम्ही विचार करून टाकलेलं नाही, कॅडच्या टेम्प्लेटमध्ये तसं होतं म्हणून आलंय, अर्ध्या नाशिकच्या ड्रॉइंगवर तेच असतं. आता ५९५ वाल्याने ते खरं मानलं, म्हणजे लांबीसाठीसुद्धा ग्राइंडिंग धरलं, तपासणी धरली, रिजेक्शन धरलं. २१० वाल्याने सगळं सोडून दिलं, "असं लिहितातच, चालतं सगळं" म्हणून बार कापून टर्निंगचा रेट दिला. ३४० वाला अनुभवी दिसतो, त्याने अंदाज बांधला की बेअरिंगच्या दोन जागा ग्राइंड करायच्या असतील, बाकी सीएनसीवर होईल. त्याचा अंदाज बरोबर आहे, पण तो फक्त त्याच्या डोक्यात आहे, तुमच्या कागदावर नाही, उद्या त्याने वेगळा अंदाज बांधला तर तुमच्या हातात भांडायला काही नाही.

आणि गंमत बघा, जिथे खरंच काटेकोर पाहिजे तिथेच तुमचं ±०.०१ चुकीचं आहे. बेअरिंग तुम्ही ६२०५ धरलंय, म्हणजे आतलं २५, बाहेरचं ५२, रुंदी १५. शाफ्टवर बेअरिंगची जागा २५ ±०.०१ लिहिली म्हणजे २४.९९ चा पीस ड्रॉइंगप्रमाणे ओके झाला की नाही? झाला. पण २४.९९ वर बेअरिंग हाताने सरकतं, आतली रिंग शाफ्टवर फिरायला लागते, महिन्याभरात शाफ्ट घासून खाल्ला जातो आणि शेतकरी फवारणीच्या ऐन हंगामात तुमच्या नावाने ओरडतो. शाफ्ट फिरणारा असेल आणि लोड साधारण असेल तर तिथे के६ (लहान k, शाफ्टच्या टॉलरन्सचा कोड) लिहा, २५ ला के६ म्हणजे +०.००२ ते +०.०१५. पूर्ण पट्टा १३ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग). तुमच्या ±०.०१ पेक्षा अरुंद आहे, पण मुख्य म्हणजे तो पूर्ण प्लसमध्ये आहे, मायनसला जातच नाही. ही एक गोष्ट बदलली तरी निम्मं काम झालं.

ऑईल सीलच्या जागेचं बरोबर उलटं. तिथे तुम्ही माप आवळलंय आणि फिनिशबद्दल एक अक्षर नाही. सीलखाली शाफ्टला एच११ (लहान h) चालतो, २५ ला ० ते −०.१३०, म्हणजे भरपूर मोकळीक. पण पृष्ठभाग आरए (खरखरीतपणाचं माप) ०.२ ते ०.८ मध्ये पाहिजे, हार्डनेस (कडकपणा) ४५ एचआरसीच्या पुढे असला तर उत्तम, आणि टर्निंग टूलची स्क्रूसारखी बारीक रेघ तिथे अजिबात राहता कामा नये. ती रेघ राहिली की शाफ्ट फिरताना तेल स्क्रू पंपासारखं बाहेर ढकललं जातं, सील नवीन असला तरी गळतो, आणि आपण सीलवाल्याला शिव्या घालत बसतो. म्हणून तिथे प्लंज ग्राइंडिंग असं स्पष्ट लिहायचं, म्हणजे व्हील सरळ आत जातं, बाजूला सरकत नाही, रेघ तयार होत नाही.

बाकीच्या सगळ्या मापांसाठी एक ओळ पुरते, "न लिहिलेली टॉलरन्स आयएसओ २७६८ मीडियम". त्यात ६ ते ३० मिमीला ±०.२, ३० ते १२० ला ±०.३, १२० ते ४०० ला ±०.५. म्हणजे तुमची १८० लांबी ±०.५ मध्ये गेली, तुमच्या असेंब्लीत एवढी चालते का ते एकदा बघा, नसेल चालत तर फक्त त्या मापावर वेगळं लिहा. आणि दोन बेअरिंगच्या जागा एकमेकींशी एका सेंटरला आहेत का हे नुसत्या डायामीटरने कळत नाही, त्यासाठी रनआऊट (फिरवताना किती डुललेलं चालेल ते) द्यावा लागतो, दोन्ही बेअरिंग सीट डेटम (मोजायचा आधार) धरून गिअरच्या जागेला ०.०२ किंवा ०.०३. हे तुमच्या ड्रॉइंगवर अजिबात नाहीये. २१० वाला एक बाजू एका चकिंगमध्ये आणि दुसरी बाजू उलटं पकडून करणार, माप दोन्हीकडे परफेक्ट येणार आणि शाफ्ट डुलणार. यात त्याचा दोष नाही, त्याला कोणी सांगितलंच नाही. कीवे ८ मिमीची आहे, तिला एन९ किंवा पी९ टॉलरन्स द्या, फक्त ८ लिहून सोडू नका.

आता प्लेटिंग. कोपऱ्यात बारीक अक्षरात "झिंक प्लेटिंग ८ मायक्रॉन" लिहिलंय. कुठे, किती भागावर, माप प्लेटिंगच्या आधीचं की नंतरचं, काही नाही. ८ मायक्रॉन एका बाजूला चढतं म्हणजे डायामीटरवर १६ वाढले. तुमचा के६ चा पूर्ण पट्टाच १३ चा, तो एका प्लेटिंगमध्ये संपला. आट्यांवर तर अजून वाईट, तिरप्या बाजूंमुळे पिच डायामीटर थराच्या साधारण चारपट वाढतो, ८ मायक्रॉनला ३२, आणि मग नट चढत नाही म्हणून फोन येतात. एकतर लिहा की सर्व मापं प्लेटिंगनंतरची, नाहीतर बेअरिंग आणि सीलच्या जागांना मास्किंग करा (प्लेटिंग चढू नये म्हणून झाका). खरं सांगू का, तेलात बुडालेल्या गिअरबॉक्समधल्या शाफ्टला झिंक कशाला पाहिजे तेच मला कळलं नाही. बाहेर निघणाऱ्या टोकाला हवं असेल तर तेवढ्यालाच करा, नाहीतर काढूनच टाका, पैसे वाचतील.

हाऊसिंगकडे येतो, खरा पेच तिथे आहे. ॲल्युमिनियमच्या बोअरला (बेअरिंग बसतं त्या गोल भोकाला) ५२ एच७ (मोठा H) म्हणजे ० ते +०.०३०, पुस्तकात बघून टाकलंय, कास्ट आयर्नला ठीक होतं. पण ॲल्युमिनियम तापलं की स्टीलच्या जवळपास दुप्पट फुगतं. गिअरबॉक्स चालून ६० डिग्रीला गेला तर २० डिग्रीच्या हिशोबाने ५२ च्या बोअरमध्ये आणि बेअरिंगमध्ये जवळजवळ २३ मायक्रॉनची जास्तीची फट पडते. आधीच एच७ च्या वरच्या टोकाला असलेला पीस असेल तर बाहेरची रिंग हाऊसिंगमध्ये फिरायला लागते आणि बोअर काळा पडतो. तिथे के७ (मोठा K) घ्या, ५२ ला +०.००९ ते −०.०२१. बसवताना हाऊसिंग थोडं गरम करावं लागेल, हॉट प्लेट असेल तर अवघड काही नाही. मात्र दोन्ही बेअरिंग घट्ट करू नका, एका बाजूला शाफ्टला लांबीत सरकायला जागा ठेवा.

हाऊसिंगची भिंत तुम्ही ६ मिमी धरलीय. तीन जबड्यांच्या चकात दाबून धरलं की ती भिंत तीन ठिकाणी आत जाते, बोअर त्या अवस्थेत गोल होतो, आणि जबडे सोडले की भिंत परत येते आणि बोअर तीन कोनी होतो. आता यातली मेख अशी की हा तीन कोनी बोअर साध्या दोन टोकांच्या बोअर गेजने कुठूनही मोजा, माप सारखंच येतं. रिपोर्टमध्ये ५२.००१, ५२.००२ असं छान छान दिसतं आणि बेअरिंग दाबलं की आवाज करतं. तीन पॉइंटचा मायक्रोमीटर लावा, म्हणजे सापडतो. आणि व्हेंडरला विचारा, सॉफ्ट जॉ (चकाचे मऊ जबडे) जॉबच्या गोलाईला बोअर करून घेणार का, की तोंडावर दाबणारं फिक्श्चर करणार. उत्तर द्यायला तो अडखळला तर समजा की हाऊसिंग त्याने आधी केलेलं नाही.

मग मोजायचं कशाने, हे पीओवरच ठरवा. शाळेत शिकवलेला नियम आहे की साधन टॉलरन्सच्या दहापट बारीक वाचणारं पाहिजे. १३ मायक्रॉनचा पट्टा ०.०२ लीस्ट काउंटच्या व्हर्नियरने मोजून पाठवलेले रिपोर्ट सर्रास फिरत असतात, त्यांचा उपयोग कागद म्हणूनच. शाफ्टला ०.००१ चा मायक्रोमीटर किंवा स्नॅप गेज, बोअरला मास्टर रिंगवर (नेमक्या मापाच्या रिंगवर) सेट केलेला डायल बोअर गेज आणि अधूनमधून तो तीन पॉइंटवाला. महागडं सीएमएम (तिन्ही दिशांनी मोजणारं मशीन) प्रत्येक पीसला नको, पहिल्या पीसला करून घ्या, अंबड-सातपूरमध्ये बाहेरून करून देणारे मिळतात.

तापमान हा विषय लोक हसण्यावारी नेतात. सगळी मापं २० डिग्रीची असतात, जगभरात हाच करार आहे. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडमध्ये ३८ सहज असतं. त्या वेळी ॲल्युमिनियमचा ५२ चा बोअर २० डिग्रीपेक्षा सुमारे २१ मायक्रॉन मोठा झालेला असतो. स्टीलची मास्टर रिंग पण त्याच शेडमध्ये फुगलेली असते म्हणून चूक अर्ध्यावर येते, तरी १० मायक्रॉन उरतातच, आणि के७ चा पट्टा ३० चा आहे. मशीनवरून गरम गरम काढलेला पीस तर मोजूच नये. एक तास रिंग आणि पीस एकाच टेबलावर ठेवा आणि मग मोजा, एसी रूम असेल तर सोन्याहून पिवळं. तुमच्याकडचा माणूस आणि त्याच्याकडचा माणूस यांनी तेच पाच पीस आपापल्या गेजने मोजून आकडे जुळवायचे, हे काम ऑर्डर सुरू व्हायच्या आधी करा. रिजेक्शनची निम्मी भांडणं पीस खराब म्हणून होत नाहीत, दोघांची साधनं जुळत नाहीत म्हणून होतात.

तपासणी किती पीसची? ड्रॉइंगवर प्रत्येक मापाला गोल काढून नंबर द्या, पहिला पीस सगळ्या मापांना तपासून तुमची सही, त्याशिवाय पुढचं सेटिंग चालू करायचं नाही. त्यानंतर दोन बेअरिंग सीट, हाऊसिंगचा बोअर आणि रनआऊट, ही चार मापं १०० टक्के. ३०० पीसला गो-नोगो स्नॅप गेजने अर्धा दिवस पण लागत नाही. उरलेल्यांना सॅम्पलिंग करा, आयएसओ २८५९ प्रमाणे ३०० चा लॉट जनरल लेव्हल दोनला ५० पीसच्या सॅम्पलमध्ये येतो, एक्यूएल (किती खराब चालतील त्याची पातळी) १.० ला एक खराब चालतो, दोन निघाले की पूर्ण लॉट परत. काही जण तुम्हाला सीपीके (प्रक्रिया टॉलरन्समध्ये किती नीट राहते त्याचा आकडा) १.३३ मागा म्हणतील. मोठ्या ऑटो कंपन्या मागतात म्हणून आपणही मागायचं, त्याला अर्थ नाही, ३०० पीस दोन सेटिंगमध्ये संपणार, त्यावर काढलेला सीपीके सजावटीचा असतो. चार मापं शंभर टक्के बघितलेली बरी.

मटेरियल विसरू नका. ईएन८ (मध्यम कार्बनचं स्टील) लिहिलंय, मग हीट नंबरसकट टेस्ट सर्टिफिकेट मागा आणि एक तुकडा कापून एनएबीएल मान्यतेच्या लॅबमधून स्पेक्ट्रो (धातूतल्या घटकांची तपासणी) करून घ्या, खर्च किरकोळ असतो. २१० च्या रेटमध्ये साधा एमएस (माइल्ड स्टील) ब्राइट बार येऊ शकतो आणि दिसायला दोन्ही सारखेच. सीलची जागा इंडक्शनला (तापवून कडक करायला) दिली की कळतं, एमएसमध्ये कार्बनच कमी, तो हार्ड होत नाही. पण तेव्हा कळून काय उपयोग, मशीनिंग झालेलं असतं.

रिजेक्ट निघालं तर काय, हे पण आधीच. बार त्याचा असेल तर नुकसान त्याचं, तुम्ही मटेरियल दिलं असेल तर बारचे पैसे डेबिट करणार का ते लिहा. व्हेंडर उद्यम रजिस्टर्ड मायक्रो किंवा स्मॉल असेल तर एमएसएमई कायद्यात माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी तक्रार केली नाही की माल स्वीकारला असं धरतात, आणि पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. म्हणजे खोके गोडाऊनला पडून ठेवायचे आणि असेंब्लीच्या वेळी महिन्याने उघडायचे, ही आपली सवय इथे अंगाशी येते. आल्या आठवड्यात तपासा आणि व्हॉट्सॲपवर नुसता फोटो टाकू नका, ईमेल करा.

पाठवण्याच्या अटी. इथल्या इथे असेल तर दोनच गोष्टी, एक्स वर्क्स अंबड (माल त्याच्या दारातून तुम्ही उचलायचा) की एफओआर पिंपळगाव (तुमच्यापर्यंत तो पोचवणार). एक्स वर्क्स म्हटलं की कागदोपत्री गाडीत चढवणंसुद्धा तुमच्याकडे, प्रत्यक्षात पोरं चढवून देतात, पण चढवताना खोकं पडलं तर कोणाचं, तेवढं बोलून घ्या. ट्रान्सपोर्टचं भाडं पेड की टू पे (आधी भरलेलं की माल घेताना द्यायचं), डोअर डिलिव्हरी की गोडाऊन, तेही. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात ई-वे बिल १ लाखाच्या वर लागतं, राज्याबाहेर ५० हजाराच्या वर. बार तुमचा असेल तर तो जॉबवर्कच्या चलनावर जातो आणि वर्षाच्या आत परत आला पाहिजे, हे तुमच्या सीएला आत्ताच सांगून ठेवा.

एफओबीचं जरा थांबून ऐका. गिऱ्हाइकाने एफओबी न्हावा शेवा मागितलंय, सगळेच मागतात, पण कंटेनरच्या मालाला तो शब्द बसत नाही. एफओबीमध्ये माल जहाजावर चढेपर्यंत जोखीम तुमची. आणि कंटेनरचा माल तुम्ही जहाजाच्या खूप आधी फ्रेट स्टेशनला सोपवून मोकळे होता, त्यानंतर तो यार्डात उभा असताना काय होतं यावर तुमचा काडीचा ताबा नसतो, तरी जबाबदारी तुमचीच. त्यापेक्षा एफसीए (माल गिऱ्हाइकाच्या वाहतूकदाराकडे सोपवायचा) द्या, आणि तुमच्या जागेचं नाव आणि इन्कोटर्म्सचं (अशा अटींच्या आंतरराष्ट्रीय नियमांचं) वर्ष दोन्ही लिहा, "एफसीए पिंपळगाव, नाशिक, इन्कोटर्म्स २०२०". त्याच्या फॉरवर्डरच्या गाडीत माल चढला की तुम्ही सुटलात. एलसीसाठी (बँकेच्या हमीपत्रासाठी) ऑन बोर्ड बिल ऑफ लेडिंग (माल जहाजावर चढल्याचा कागद) लागतं म्हणून तो एफओबीवर अडला, तर २०२० च्या नियमात एफसीएखाली तशी सोय केलेली आहे, ते त्याला दाखवा. सीआयएफ (जहाजाचं भाडं आणि विमा आपण भरायचा) मागितलं तर लक्षात ठेवा की त्यात तुम्हाला फक्त सर्वात खालचा विमा काढायचं बंधन आहे, क्लॉज सी, त्यात समुद्राचं पाणी आत शिरलं किंवा चोरी झाली तर काही मिळत नाही. सीआयपीत (कोणत्याही वाहतुकीला चालणारी तशीच अट) क्लॉज ए, म्हणजे सर्वात वरचा विमा लागतो. आणि डीडीपीला सरळ नाही म्हणा, त्याच्या देशातली ड्युटी आणि टॅक्स आपण भरायचे म्हणजे तिथे रजिस्ट्रेशन वगैरे, आपल्या आकाराच्या धंद्याचं ते काम नाही. पिंपळगावात तुमच्या आजूबाजूला द्राक्ष एक्सपोर्टवाले आहेत, कागदपत्रांचं त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं, एका संध्याकाळी चहाला जाऊन बसा. एक गोष्ट मात्र सगळ्या अटींना लागू, इन्कोटर्म फक्त खर्च आणि जोखीम कुठे बदलते ते सांगतं, मालकी कधी बदलते आणि पैसे कधी यायचे ते करारात वेगळं लिहावं लागतं.

पॅकिंगचे पैसे रेटमध्ये धरलेत का ते तिघांनाही विचारा. एक शाफ्ट साधारण ७०० ग्रॅम, ३०० म्हणजे २१० किलोच्या आसपास, एका खोक्यात २५ ते ३० किलोच्या वर भरू नका, जड खोकं कोणी उचलत नाही, ढकलतात. ग्राइंड केलेल्या जागांवर प्लॅस्टिकची जाळी, गंजरोधक तेल, व्हीसीआय (गंज रोखणारी) पिशवी. धुतलेला पीस गरम असताना पिशवी बंद केली की आत घाम धरतो आणि पावसाळ्यात कसारा घाट उतरायच्या आत गंजाचे ठिपके, म्हणून थंड होऊ द्या, आणि नंतर उघड्या हाताने हात लावू नका, बोटांचे ठसे गंजून उमटतात. निर्यातीला लाकडी पेटी असेल तर उष्णता प्रक्रियेचा आयएसपीएम १५ शिक्का असल्याशिवाय ती घेऊ नका, नाहीतर तिकडच्या बंदरात पेटीमुळे माल अडकतो. नमुने कुरिअरने पाठवताना आकारमानाचं वजन काढा, सेंटिमीटरमध्ये लांबी रुंदी उंची गुणून बहुतेक कुरिअर ५००० ने भागतात, हाऊसिंग पोकळ असल्याने तिथे फटका बसतो.

आता हे सगळं टाकून ड्रॉइंगला नवीन रिव्हिजन नंबर द्या, जुनं रद्द असं मेलमध्ये लिहा आणि तिघांनाही एकाच दिवशी पाठवा, म्हणजे तिघे एकाच जॉबचा रेट देतील. माझा अंदाज, ५९५ वाला बराच खाली येईल, ३४० वाला थोडाफार इकडेतिकडे होईल. २१० वाला वर गेला तर चांगला माणूस आहे, त्याने ड्रॉइंग वाचलं. २१० वरच राहिला तर त्याच्या शॉपवर जा आणि के६ कशाने मोजतोस ते दाखव म्हणा, कॅलिब्रेशनचं स्टिकर कोणत्या तारखेचं आहे तेही बघून घ्या.